पत्र्यामागच्या कमानी

परवा कर्जतच्या बाजारपेठेत एका दुकानदार काकूंनी माझ्या विद्वत्तेची फार सुंदर फजिती केली.

मी वास्तुरचनाकार, जुन्या इमारतींचं जतन हा माझा विषय. पेठेतल्या विटांच्या जुन्या दुकानांची नोंद करत होते... कमानी, विटकामातल्या नक्षीच्या पट्ट्या, सागवानी खांब. कुठे सिमेंटचा गिलावा दिसला, की माझं मत तिथल्या तिथे तयार होतं.

रंग-खिळ्यांच्या एका दुकानाची दाराच्या वरची दर्शनी भिंत गंजक्या पत्र्याने पूर्ण झाकलेली होती. मालकीण काकू आत होत्या, त्यांचा मुलगा दारात गवंड्याशी बोलत होता. ती भिंत पाडून काचेचं शोरूम करायचं होतं, आणि काम त्याच दिवशी सुरू होणार होतं.

मी वहीत 'विद्रूप' असं लिहिलं आणि मोठ्याने निकालही दिला. "इतकी वर्षं पत्र्यामागे ओल कोंडली आहे. विटांचं पीठ झालं असणार."

मुलाला तेच हवं होतं. "ऐकलंस ना आये? मॅडमच सांगतात. मंग पाडायला काय हरकत हाय?"

वाचवायला आलेली मी, पाडायची परवानगी देऊन बसले होते...

काकू बाहेर आल्या. "मॅडम, शिकलात लय. पण पाऊस कुठनं येतो ते इचारलंत काय? समोरनं झोडपतो. ह्याचे बाबा दर मे महिन्यात पत्रा चढवायचे, दिवाळीला उतरवायचे. ते गेले... मंग उतरवलाच नाय कोनी." मग मुलाकडे वळल्या. "तू तवा रांगत होतास. एकदा काढून तरी बघ रं, मंग पाड."

गवंड्याने पत्रा उतरवला. मागे ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांमुळे पत्रा आणि भिंत यांत चार बोटं अंतर होतं. वारा खेळता राहिला होता. आणि भिंतीवर तीन कमानी, धारदार कडांच्या लालबुंद विटा आणि वर विटांचीच दातेरी पट्टी. एकही वीट झिजलेली नव्हती!

"आयला! हे आपलं हाय?" मुलगा फोटोच काढत सुटला. गवंड्याने पहार भिंतीला टेकवली. "ह्ये पाडायला मी नाय रं बाबा. चहा सांग."

काकू मात्र माझ्याकडे बघत होत्या. "काय मॅडम, पीठ कुठाय? भाकऱ्या थापायच्या हायत."

मी 'विद्रूप' खोडलं... खाडाखोड करताना इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. येत्या मे महिन्यात पत्रा पुन्हा चढेल, आणि शिडी धरायला मी जाणार आहे. काकूंनी तसं बजावलंच आहे.