आमच्या गाडीचा पोचा

परवा रविवारी गाडीचा पोचा काढून आणला... आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

पोचा मागच्या डाव्या दाराला, हँडलच्या खाली. काही महिन्यांपूर्वी बेळगुंदीत काकांच्या गोठ्यासमोर गाडी लावली होती, म्हशीने ढुशी दिली. रंग गेला नव्हता, पण तळहाताएवढा खड्डा पडला होता.

संध्याकाळी पिरनवाडीत भाचीचं रिसेप्शन. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून सकाळी व्हिडिओ बघून दारावर गरम पाणी ओतलं. ते जमतं प्लास्टिकच्या बंपरला! आमचं पत्र्याचं दार ढिम्म हललं नाही.

मग उद्यमबागेजवळचं गॅरेज गाठलं. पूर्वी पुट्टी, घासणं, रंग... गाडी दोन-तीन दिवस अडकायची. आता गरम गोंदाने प्लास्टिकची बटणं चिकटवतात आणि पत्रा हळूहळू ओढून वर घेतात. माझा चहा पिऊन पेपर वाचून होईतो दार सपाट. मी जाम खूश!

रिसेप्शनला जेवणं झाल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, "गाडीजवळ थांबतो" म्हणून एकटेच पुढे गेले. थोड्या वेळाने मी पार्किंगमध्ये आलो, तर ते आमच्यासारख्या एकेका पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावरून हात फिरवत होते. आमच्याही गाडीवरून फिरवला... आणि पुढे गेले.

"ओ आजोबा, गाडीला कशाला हात लावाय लागलाय?" कुणीतरी ओरडलं. आप्पा कावरेबावरे झाले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"आपल्या गाडीचा पोचा कुठं गेला रं?" त्यांनी विचारलं.

गाडीत बसल्यावर हळूच म्हणाले, "लई दिस झालं, नीट दिसंना झालंय. पोचा हाताला लागला की आपली गाडी कळायची. तुमच्या मागं आणि एक ताप कशाला, म्हणून बोललो न्हाय."

पेपरची छपाई हल्ली पुसट येते, अशी त्यांची तक्रार असायची. टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसायचे. मी त्यावरून त्यांची चेष्टा करायचो... रोज शेजारी जेवायला बसणारा मी! फार वाईट वाटतंय.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची, म्हणाले. आधी का आणलं नाही, असंही विचारलं.

बाहेर आल्यावर आप्पाच माझी समजूत घालत होते. "असू दे रं, तुला कामं असत्यात."

कामं होतीच म्हणा... पण एवढीही नव्हती.