सोळा कोअरची आत्या

माझ्या मुलुंडच्या आत्याला 'तुम्हाला एवढं पुरे' असं सांगून सुखाने घरी गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. डॉक्टरांनी एकदा 'या वयात बागेतल्या चार फेऱ्या पुरे' असं म्हटलं, तर त्याच संध्याकाळी ती मुलुंडहून भांडुपपर्यंत चालत गेली, तिथून दवाखान्यात फोन करून "मी भांडुपात उभी आहे, गुडघे जागेवर आहेत" एवढं कळवलं आणि रिक्षाने परत आली. शिंपी म्हणाला, ब्लाउजला खिसा कशाला, पर्स पुरे की. तेव्हापासून तिच्या प्रत्येक ब्लाउजला तिने स्वतः शिवलेले दोन खिसे असतात, आणि त्या शिंप्याच्या दुकानावरून जाताना ती दोन्ही खिशांतून एकेक लिमलेटची गोळी काढून खाते. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, लग्न केलेलं नाही. "का नाही केलंस?" असं मी लहानपणी विचारलं होतं. "बघायला आलेले म्हणाले, मुलगी एवढी शिकली ते पुरे झालं," असं तिने शांतपणे सांगितलं होतं.

या हट्टाचं मूळ तिच्या नोकरीत असावं, असं मला वाटतं. आजोबा मालवणाकडून गिरणीत आलेले. त्यांच्या पोरीने ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून चिकटली. साहेबलोकांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्यांच्या रेघा शाईने गिरवायच्या, हे काम. तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. एकदा एका नकाशातला जिना वर जाऊन थेट तुळईला आपटतो, हे तिने साहेबांच्या नजरेस आणलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही गिरवा." तिने गिरवला. कारखान्याने बांधला. पुढे तो जिना फोडून पुन्हा बांधायला लागला, तेव्हा फोडकाम बघायला आत्या रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथे जाऊन बसायची.

तर गेल्या वर्षी तिच्या सोसायटीचं पुनर्बांधकाम ठरलं. तीन मजली जुनी इमारत पाडून तिथे सतरा मजल्यांचा टॉवर. बिल्डरच्या माणसांनी पार्किंगमध्ये पडदा लावून एक फिल्म दाखवली. नव्या स्वयंपाकघरात सोनेरी ऊन पडलंय, ओट्यावर तुळस डोलतेय, एक गोरी बाई हसत हसत कोथिंबीर निवडतेय. सगळे खूश. आत्याने हात वर केला.

"हे ऊन कुठल्या दिशेने येतंय?"

आर्किटेक्ट तरुण होता. "आजी, ते इंडिकेटिव्ह आहे."

"म्हणजे खोटं."

"खोटं नाही हो. साधारण कल्पना यावी म्हणून. तुम्ही एवढ्या डिटेलमध्ये कशाला जाता? खोल्या किती, कार्पेट एरिया किती, एवढं समजलं तरी पुरे."

मी तिथे नव्हतो; पण तिच्या समोरच्या वहिनी सांगतात की त्यानंतर आत्या नकाशांची प्रत मागून घेऊन थेट घरी गेली. महिनाभरात सगळ्यांनी संमतीच्या सह्या करायच्या होत्या.

चौथ्या दिवशी मला बोरिवलीला तिचा फोन आला. मी बँकेत आहे. कॉम्प्युटरमधलं मला इतकंच कळतं की तो बंद करून चालू करावा. पण मी एकदा तिचा प्रिंटर जोडून दिला होता, त्यामुळे तिच्या लेखी कॉम्प्युटर खात्यातला माणूस मीच. तिने फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. त्यात इमारत उभी करायची, गाव सांगायचं, तारीख सांगायची, की त्या दिवशी सूर्य कुठून कुठे जाईल आणि कुठल्या खिडकीत ऊन पडेल ते दिसतं. "पण माझ्या कॉम्प्युटरवर एका स्वयंपाकघरात ऊन पडायला दोन दिवस लागले रे," ती म्हणाली. "टॉवरच्या मागच्या बाजूला आमची अठरा घरं आहेत. नवा घ्यायचा. प्रोसेसर कुठला घेऊ?"

मी ऑफिसातल्या एकाला विचारून सांगितलं, "आत्या, घरच्या वापराला आठ कोअरचा पुरे."

रागावल्यावरच येणारी तिची मालवणी आली. "तू माका शिकवतस?" आणि फोन बंद.

पुढच्या शनिवारी मी माफी मागायला गेलो तर ती वही घेऊन तयारच होती. प्रोसेसर म्हणजे काय हे तिने आठवडाभरात जेवढं वाचलं होतं, तेवढं मी नोकरी लागताना बँकिंगचं वाचलं नव्हतं. "हे बघ, कोअर म्हणजे ऑफिसातली टेबलं. पत्र टाइप करायचं तर एकच टेबल लागतं, तिथला माणूस चपळ हवा. पण हे उन्हाचं काम म्हणजे गठ्ठ्याने फाइली. त्या सोळा टेबलांवर वाटल्या तरच वेळेत उरकतात. आणि सोळा माणसं एका खोलीत कामाला बसली की उकडणार, म्हणून पंखाही मोठा हवा." मला प्रोसेसर तेव्हा पहिल्यांदा समजला.

आम्ही तीन दुकानं फिरलो. मुलुंडच्या दुकानदाराने माझ्याकडे बघत तिला विचारलं, "आंटी, भजन वगैरे ऐकायचं ना? हा सगळ्यात खालचा घ्या, झकास चालतो." आत्या म्हणाली, "भजन मी गळ्याने म्हणते," आणि बाहेर पडली. अंधेरीच्या दुकानात एक चकचकीत डबा होता, आत जांभळे-हिरवे दिवे लुकलुकत होते. "गेमिंगवाला है, एकदम टॉप." आत्याने कोअर किती, असं विचारलं. त्याला सांगता येईना; तो दिव्यांचे रंग बदलून दाखवायला लागला. "गणपतीच्या आराशीला सांगीन तुम्हाला," ती म्हणाली. माझे पाय तुटायला आले होते, पण तिला चहाला थांबू या म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

घाटकोपरचं दुकान बोळात होतं. चष्मा कपाळावर चढवलेले एक पन्नाशीचे गृहस्थ कसलीशी पट्टी पुसत बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "काकू, त्याच्यावर करणार काय आहात?"

एवढ्या दुकानांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आत्या चक्क स्टुलावर बसली आणि त्यांना अख्खी इमारत सांगितली. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोळाच्या खाली जाऊ नका. त्यातला यंदाचाच हवा असं नाही, मागच्या पिढीतलाही हेच काम करेल. वाचतील ते पैसे मेमरीत घाला." आत्याने त्या माणसाशी एका शब्दानेही वाद घातला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "याला कळतं."

यंत्र घरी आलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलं, कारण मोठा प्लग तिथेच होता. चालू असलं की घरघरायचं आणि मागून गरम वारा सोडायचं. त्या वाऱ्यावर ती फडकी वाळवायची. सकाळी आंघोळ करून ती एक घर लावायची, दुपारपर्यंत त्यात ऊन पडायचं, किंवा नाही पडायचं. मी रविवारी गेलो की ती वहीत फुली मारताना दिसायची. फुल्या फार होत्या.

सह्यांच्या सभेत तिने त्याच पडद्यावर आपली इमारत दाखवली. तिच्या चित्रात तुळस नव्हती, बाई नव्हती. नुसत्या राखाडी भिंती. तिने डिसेंबरचा दिवस लावला. सूर्य उगवला, टॉवरवरून फिरला, मावळला. मागची स्वयंपाकघरं सकाळी काळी होती ती संध्याकाळी काळीच राहिली. तिने मेमधला दिवस लावला. तरीही काळी.

"अहो, म्हणजे मी भरदुपारी लाइट लावून भाकऱ्या करायच्या?" समोरच्या वहिनींनी विचारलं, आणि मग पार्किंगमध्ये जो गलका झाला त्याला तोड नाही. बिल्डरचा माणूस आत्याजवळ आला. "हे कुठल्या एजन्सीकडून करून घेतलंत?"

"माझ्या ओट्याशेजारी केलंय. चुकलं असेल तर दाखवा."

त्या तरुण आर्किटेक्टने आपला नकाशा पडद्याशी ताडून पाहिला आणि तो हळूच म्हणाला, "चुकलेलं नाही."

सह्या थांबल्या. तीन महिने वाटाघाटी चालल्या, मधली मोकळी जागा रुंद झाली, स्वयंपाकघरं फिरली. अठरांपैकी तेरा घरांत ऊन आलं. उरलेल्या पाचांत आत्याचं घर होतं.

मी भडकलो. "तू सही करू नकोस. तुझ्यामुळे सगळ्यांना मिळालं आणि तुलाच अंधार?"

"मी दहा वेळा फिरवून बघितलं. माझ्या कोपऱ्यात ऊन येतच नाही, कोणी काहीही केलं तरी." तिने चष्मा पुसला. "मला ऊन नाही, हे मी स्वतः काढून बघितलंय. कोणी मला गोरी बाई दाखवून फसवलेलं नाही." आणि तिने सही केली, ड्रॉइंगच्या अक्षरात, सावकाश.

आता ती नाहूरला भाड्याच्या घरात राहते. जुनी इमारत पाडली. त्या जागी पत्र्यांच्या आड मोठा खड्डा आहे. मागच्या रविवारी गेलो तर यंत्र घरघरत होतं. मला वाटलं, टॉवरचंच काही काढलं असेल. पडद्यावर तिचं जुनं घर होतं. पन्नास वर्षांचं घर तिने भिंत भिंत करून उभं केलं होतं: मोरी, माळा, भांड्यांची फळी, जमिनीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या. फक्त गॅलरीचं दार कोरं होतं, कागदासारखं पांढरं.

"या दाराला रंग कुठला होता रे?" ती म्हणाली. "चार दिवस झाले, मला आठवतच नाहीये."

मी ते दार हजार वेळा उघडलं असेल. मलाही आठवेना.

"हिरवा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. कुठला हिरवा, कधी लावला, कोणी सांगितलं, यातलं काही विचारलं नाही. गुपचूप माउस हलवला आणि दार हिरवं करून टाकलं.