दुमड उसवलेला फ्रॉक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा मिलमध्ये मागावर होते आणि सुटीच्या दिवशी वस्तीत पत्रकं वाटायचे. गुलाबी किंवा पिवळा पातळ कागद, हाताला लागणारी शाई. वाटून उरलेल्या गठ्ठ्यातलं एक पत्रक माझ्यापुढे टाकून बाबा म्हणायचे, "वाच. मोठ्यानं वाच." इतर मुलं पुस्तकातली फुलं-पाखरं वाचत होती तेव्हा मी वाचत होते: शिळं अन्न मागू नका. मेलेलं ढोर ओढू नका. दुसऱ्याचे उतरलेले कपडे अंगावर घालू नका.

आमच्या घरात ही वाक्यं वाचून ठेवून द्यायची नव्हती. माझी आत्या एका बंगल्यावर भांडी घासायची. एका हिवाळ्यात तिला तिथून जुना गरम कोट मिळाला. तो घालून ती आमच्याकडे आली, तर बाबांनी तिला उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. आत्या रडली, थंडीनं काकडली, पण कोट परत गेला. धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी तिनंही हात वर केला होता, एवढंच बाबा तिला म्हणाले.

हे आधी सांगते, कारण सत्तरच्या दशकात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, असाच एक कपडा अंगावर घालून मी आमच्या दारात उभी राहिले होते.

कॉलेजात माझी एक मैत्रीण होती, धरमपेठेत राहणारी. निबंधात कधी ती पहिली, कधी मी, त्यावरून गट्टी जमलेली. त्या ऑगस्टमध्ये अंबाझरी तलाव भरून वाहू लागला होता आणि सारं नागपूर तो बघायला लोटत होतं. ती, मी आणि वर्गातली आणखी एक मुलगी, अशा तिघींनी जायचं ठरवलं. तिच्याकडे जमायचं आणि तिथून पायी निघायचं. मी तिच्या घरी पहिल्यांदाच जात होते, म्हणून आईची ठेवणीतली पांढरी साडी नेसले होते. बसमधून उतरले आणि शेजारून गेलेल्या ट्रकनं मला कमरेपर्यंत चिखलानं माखून टाकलं.

दार मैत्रिणीच्या आईनं उघडलं. काकू गोऱ्या, ठेंगण्या, भराभर बोलणाऱ्या.

"अगं बाई! ही तर शेतात लावणी करून आली!" असं म्हणत त्यांनी मला हाताला धरून थेट आत नेलं. "काढ ती साडी. न्यूमोनिया होईल."

मैत्रिणीचे कपडे मला होईनात, ती माझ्याहून किती तरी बारीक. दुसरी साडी दिली तर तीही चिखलात लोळेल, असं म्हणत काकूंनी पलंगाखालची ट्रंक ओढली. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. तळातून त्यांनी एक फ्रॉक काढला: मोतिया रंग, त्यावर बारीक निळी फुलं, गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, कमरेला पट्टा आणि खाली भला मोठा घेर. जुन्या मासिकांतल्या बायका घालतात तसा.

"हीच फॅशन परत आलीय आता," मैत्रीण म्हणाली. "आईनं लग्नाआधी मासिकात बघून शिवून घेतला होता."

फ्रॉक अंगात बसला, पण काकू माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. खालची कड माझ्या गुडघ्यांच्या चार बोटं वर थांबली. मी दोन्ही हातांनी खाली ओढत उभी राहिले. दुसरी मुलगी पलंगावर लोळत हसत होती.

"अशी गेलीस तर तलाव कोण बघेल? सगळे तुझे गुडघेच बघतील."

"गप्प गं," काकू म्हणाल्या आणि कामाला लागल्या. त्या माझ्यापुढे गुडघ्यांवर बसल्या, तोंडात टाचण्या धरल्या आणि कात्रीच्या टोकानं दुमड उसवायला लागल्या. आतून तीन बोटं कापड निघालं. बाकीचा फ्रॉक उन्हापाण्यानं विटलेला आणि ही पट्टी मात्र गडद, नवी कोरी. मग त्यांनी पट्टा कमरेवरून खाली कुल्ल्यांवर सरकवला, म्हणजे वरचं कापड सैल होऊन घेर आणखी बोटभर उतरला. तरी गुडघा झाकेना, तेव्हा मैत्रिणीच्या वडिलांचा पांढरा चुडीदार खाली चढवायला दिला. दुसऱ्या मुलीला काकूंनी स्वतःचा रेनकोट दिला, मला मोठी काळी छत्री.

"आता बघ." त्यांनी मला आरशापुढे फिरवलं आणि माझा गाल धरला. "अगदी मी कॉलेजात होते तशी दिसतेस हो! फक्त जपून हं. माझ्या लग्नाआधीचा आहे, पोटच्या पोरीलासुद्धा दिला नाही कधी. संध्याकाळी परत ट्रंकेत जायचाय."

परत जायचाय, हे ऐकून मी सुटले. म्हणजे हा उतरलेला कपडा नव्हता, पावसापुरता उसना घेतलेला होता. पत्रकातलं वाक्य मोडत नव्हतं. आणि हेही लिहायला हवं की आरशापुढे मी स्वतःहून आणखी एकदा गोल फिरले. घेर फुलला. मला तो आवडला.

तलावावर काही फार बघितलं नाही. पाणी भिंतीवरून गढूळ कोसळत होतं, काठावर भज्यांच्या तेलाचा जळका वास होता आणि टोळक्यानं उभे असलेले पुरुष ओल्या बायकांकडे बघत होते. भिजलेला घेर पायांना चिकटायचा, मी तो सोडवायची, तो पुन्हा चिकटायचा. एकानं आमच्याकडे बघून शीळ घातली, तशी मैत्रिणीनं खाली वाकून दगड उचलला. तो पळाला. तेव्हा ती मला फार आवडली होती.

परत आल्यावर काकूंनी चहा केला. मायेनं माझ्या हातात कप दिला, आणि सहजच विचारलं, "कुठे राहतेस गं तू?"

"इंदोऱ्याच्या पुढे."

"हो का? आडनाव काय म्हणालीस?"

मी आडनाव म्हणाले नव्हते. आता सांगितलं. बाबा काय करतात तेही सांगितलं. काकू "अच्छा" म्हणाल्या आणि चहा ढवळत राहिल्या. साखर केव्हाच विरघळली असणार.

दुसऱ्या मुलीनं रेनकोट काढून दिला. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला, झटकला, खुंटीला टांगला. माझी साडी अजून व्हरांड्यात ओलीच होती, म्हणून मी म्हणाले, "काकू, मी आज फ्रॉक घालून जाते. धुऊन, इस्त्री करून आणून देते."

"नको, नको. आणू नकोस. तुलाच राहू दे."

"पण ट्रंकेत ठेवायचाय ना?"

"अगं, आता काय करायचाय तो? जुना तर आहे. तुझ्या घरी कुणी धाकटी असेल तर तिला होईल. चुडीदारही राहू दे." त्या बोलताना पदराला हात पुसत होत्या. हात कोरडे होते.

ज्या हातांनी सकाळी माझ्या गुडघ्यांशी टाचण्या लावल्या, ते हे हात. मी मैत्रिणीकडे बघितलं. ती मासिक उघडून बसली होती.

ओल्या साडीचं बोचकं हातात धरून, बसमध्ये जागा असूनही मी उभी राहिले. फ्रॉकचं ओलं कापड अंगाला लागत होतं. काकूंची किळस तर आलीच. त्याहून जास्त त्या आरशापुढे घेतलेल्या दुसऱ्या गिरकीची आली. घरी बाबांना काय सांगायचं, हे ठरवायला मला इंदोऱ्यापर्यंतचा रस्ता पुरला.

आई ओट्यावर भाजी निवडत होती. बाबा खाटेवर पत्रकांच्या घड्या घालत बसले होते.

"हे काय घालून आली वं?" आई म्हणाली. "वरून फ्राक, खालून चुडीदार! डोक्यावर टोपी नाई दिली का त्यायनं?"

बाबा हसले नाहीत. "कोनाचा हाय?"

"मैत्रिणीच्या आईचा. साडी चिखलात भरली होती. परत द्यायचाय."

"परत?"

"हो. परत."

बाबांनी खाटेवरची पत्रकं बाजूला सारली. "मंग ये आत," ते म्हणाले.

'राहू दे' हा शब्द मी सांगितला नाही. सांगितला असता तर ते तशाच पावसात सायकल काढून धरमपेठेत गेले असते, आणि तिथे त्यांचं जे काही झालं असतं ते मला बघवलं नसतं. म्हणजे आता फ्रॉक जायलाच हवा होता. काकूंनी घेतला नाही तर मी बाबांशी खोटं बोलले, आणि आत्याला जे जमलं ते मला जमलं नाही.

आईनं फ्रॉक धुतला, पेजेची खळ दिली. वाळल्यावर तिनं दुमड पुन्हा घातली, जुन्याच भोकांतून सुई काढत. "जसा आनला तसा द्याव," ती म्हणाली. "टाके किती बारीक हायेत पाह्य ना. चांगला हाय वं. तुले आखूड, पन चांगला हाय." मग पितळी तांब्यात निखारे घालून तिनं इस्त्री केली. गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, घेराची एकेक चूण. कुण्या परक्या बाईच्या कपड्यावर माझ्या आईनं एवढे कष्ट घ्यावेत याचा मला संताप येत होता, आणि तिला थांबवायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी मी गेले. दार काकूंनीच उघडलं. हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"अगं, कशाला आणलास? तुला दिला होता ना!"

"आमच्या घरी दिलेले कपडे घेत नाहीत, काकू. उसना होता."

मी घडी पुढे केली. त्यांनी कोथिंबीर या हातातून त्या हातात घेतली आणि हनुवटीनं बाजूला खूण केली. "बरं, ठेव मग तिथे."

तिथे चपलांची फळी होती.

माझ्या आईनं तांब्यानं इस्त्री केलेली ती घडी मी चपलांवर ठेवणार नव्हते. काकूंनी तोंड जरी वाकडं केलं असतं, तरी मी कदाचित ती खुर्चीवर ठेवून परत फिरले असते. पण त्या हसत होत्या. अत्यंत गोड हसत होत्या.

"तुम्ही ट्रंकेत म्हणाला होता," मी म्हणाले, चपला काढल्या आणि आत गेले.

"अगं, अगं, आत कुठे? थांब!"

खोली माहीत होती. पलंगाखालून ट्रंक ओढली, झाकण उघडलं. वर शालू, मग लोकरीचे कपडे, मग कुणाचं तरी रेशमी सोवळं. वर ठेवला असता तर फ्रॉक चिमटीनं उचलून टाकता आला असता. म्हणून मी दोन्ही हात घालून सगळा थर उचलला, फ्रॉक आणि चुडीदार मधोमध, सोवळ्याला लागून ठेवला, वर पुन्हा शालू रचले आणि सगळं तळहातांनी नीट दाबलं. मुद्दाम. सावकाश.

काकू दारात उभ्या होत्या. "आता हे सगळं..." एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं बोलायची त्यांना लाज वाटली असावी. एवढीच लाज त्यांच्यात उरलेली होती.

मैत्रीण त्यांच्या मागे उभी होती. "असं करायची काय गरज होती?" ती मला म्हणाली. मला, आईला नाही. तलावावर दगड उचलणारी तीच मुलगी. तिच्याशी मी पुन्हा बोलले नाही.

घरी पोचले तर बाबा ओट्यावर पत्रकांच्या घड्या घालत होते.

"दिला?"

"हो."

"घेतला का त्यायनं?"

"ट्रंकेत ठेवून आली मी. माह्या हातानं."

बाबांच्या हातातली घडी अर्धीच राहिली. ते समजले असावेत. आई मात्र आतून पदराला हात पुसत बाहेर आली. तिचे हात खरोखरच ओले होते.

"घडी तं नाई मोडली वं?" तिनं विचारलं.

"नाई," मी म्हणाले. "नाई मोडली."