वावुदाचा मळा आणि तुटक्या कानाचा माकडराजा

वावुदा आमच्या डोंगरावर राहायला आली तेव्हा तिला कोबीचं रोप आणि मोहरीचं रोप यांतला फरक कळत नव्हता. त्याआधी ती डोंगराखालच्या वोई शहरात, कत्तलखान्यात बकऱ्या कापायची. हात असा चालायचा की बकरीला ओरडायला वेळ मिळायचा नाही. नवरा मोंबासाच्या बंदरात कामाला होता, म्हणून डोंगरावरच्या घरी ती आणि तिची सासू मकांबुरी, दोघीच राहायच्या. माझं घर त्यांच्या बांधाला लागून.

आल्याबरोबर तिनं सांगून टाकलं, "माझ्या जमिनीत फवारणीच्या औषधाचा एक थेंबही पडणार नाही." तिचा धाकटा भाऊ टोमॅटोवर फवारणी करता करता वाऱ्याच्या तोंडाशी उभा राहिला होता. तो तोंडाला फेस येऊन, टाचा घासत वाफ्यातच मेला. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

औषध नको, तर काय? तिला रक्त माहीत होतं. तिनं कत्तलखान्यातून डबे भरून रक्त आणि आतड्यातली घाण आणली आणि रोपांच्या मुळाशी ओतली. रोपं जळून गेली. वासानं काळ्या मुंग्यांची फौज आली. खुराड्यातल्या कोंबड्या त्यांनी जिवंत खाल्ल्या. सकाळी दार उघडलं तर आत पिसं आणि हाडं.

मकांबुरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सूनबाई, तू कोबी लावलास की मटणाचं दुकान काढलंस?"

"आत्याबाई, खत म्हणून घातलं."

"खत कुजवायचं असतं गं. शेण, पाला, राख, थरावर थर. रक्त घालायचं तर त्यात घाल आणि विसरून जा. ताजं घालशील तर जमिनीला ताप येतो."

मग मावा पडला. वावुदानं पानावर दिसेल तो किडा चिरडायला सुरुवात केली. बोटं हिरवी व्हायची. काळ्या-नारिंगी, काटेरी अळ्या तिला सगळ्यात किळसवाण्या वाटल्या, म्हणून त्या आधी मारल्या. सासूनं येऊन तिच्या हातावर फाडकन मारलं. "अगं, हीच मावा खाते! मोठी झाली की ठिपक्यांचा लाल किडा होते. तू आपलेच शिपाई कापतेयस!" त्या हंगामात माव्यानं सगळी पालेभाजी चोखून टाकली.

दुसऱ्या हंगामात कोबीनं गड्डे धरले आणि बबून माकडं आली. भर दुपारी, चाळीसेक. पुढे एक दांडगा नर, एक कान फाटलेला. बाईमाणसाला ती भीत नाहीत. वावुदा किंचाळत धावली तर तो गड्डा सोलत तिच्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याची पँट आणि टोपी घातली. मी बांधावरून म्हटलं, "चालीवरून ओळखतील गं तुला!" ओळखलंच. तिचा कुत्रा चुई त्या नरावर झेपावला. नरानं त्याला दोन्ही हातांनी धरलं, पोट फाडलं आणि टाकून दिलं. वावुदा कुदळ घेऊन भिडली. नरानं तिचा डावा हात चावला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी दगड मारत धावले, तेव्हा कुठं त्यानं तिला सोडलं.

हात बांधून ती परत आली, तेव्हा तिच्या कुंपणावर केळी लटकत होती. पलीकडच्या शेतातला म्वाकियो एका केळ्यात बाटलीतलं औषध ओतत होता. त्याचा मकाही माकडांनी लुटला होता. तिनं वास ओळखला. भावाच्या शर्टाला तोच वास होता.

"म्वाकियो, काढ ते."

"अगं वेडे, तुझ्याच भल्यासाठी. एकदा मेली की—"

"पोरं येतात इकडून!"

"पोरांना मी सांगीन."

तिनं उजव्या हातानं कुदळीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. तो पडला. तिनं बाटली दगडावर फोडली आणि त्याच्या छातीवर पाय दिला. मी मध्ये पडले नसते तर त्या दिवशी तिनं त्याला कापलाच असता, इतके तिचे डोळे शांत होते. मग ती खाली बसली आणि भावाचं नाव घेऊन ओरडून रडली. म्वाकियो रक्त थुंकत ऐकत राहिला. केळी त्यानंच काढून खड्ड्यात पुरली.

आठवड्याभरानं तो दोन पुढचे दात नसलेल्या तोंडानं, भाला घेऊन आला. "तुझ्यासाठी नाही आलो हां. माझ्या मक्यासाठी आलोय."

"मग तिकडे उभा राहा," वावुदा म्हणाली, पण तिनं मक्याच्या पिठाच्या उगाळीचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

त्या दुपारी कळप आला. पुरुष बघून बाकीची बिचकली, तुटक्या कानाचा बिचकला नाही. म्वाकियोचा भाला त्याच्या खांद्यात घुसला. तो भाल्यासकट वावुदाकडे वळला. तिनं कुदळ उचलली, एकदाच घातली. तो तिच्या गड्ड्यांवर कोसळला, बराच वेळ पाय झाडत राहिला. कत्तलखान्यात तिनं एवढा वेळ कुणाला दिला नव्हता. शेवटी तिनंच सुरी घेऊन संपवलं आणि हात न धुता बांधावर बसून राहिली.

म्वाकियो म्हणाला, "जिंकलो आपण."

"दुसरा येईल," ती म्हणाली.

दुसरा आलाही. आता आम्ही पाच घरं पाळीनं राखण करतो, प्रत्येक पाळीत एक पुरुष. तरी पीक थोडंफार जातंच. वावुदाच्या डाव्या हाताची बोटं वळत नाहीत, म्हणून रोपं लावताना ती खड्डा करते आणि मकांबुरी रोप धरते. बाजारात तिच्या कोबीच्या पानांना भोकं असतात. गिऱ्हाइकानं नाक मुरडलं तर ती गड्डा त्याच्या हातातून काढून घेते आणि पुढच्याला देते.