बॅग भरलेलीच होती

तात्या, तुम्ही कधी जाताय याची मी वाट बघत होते.

लिहिलं एकदाचं.

आज तुम्हाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून मेसेज येताहेत. 'किती सेवा केलीस गं सासऱ्यांची.' 'अशी सून मिळायला नशीब लागतं.' हात जोडलेले इमोजी टाकून टाकून माझी बोटं दुखली. आता खरं काय ते सांगते, ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

तात्या म्हणजे माझे सासरे, म्हसवडचे. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चाललेला माणूस. एका सकाळी उजवी बाजू गेली आणि खाटेला खिळला.

नवरा आर्मीत, पोस्टिंग बॉर्डरवर. सासूबाई आधीच गेलेल्या. मी कराडजवळच्या मलकापूरला एका लॅबमध्ये टेक्निशियन. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे तात्यांना तिकडे आणायचा प्रश्नच नव्हता.

राहिलं कोण? मी.

तीन महिन्यांची रजा टाकली, मोठी बॅग भरली आणि म्हसवडला आले.

ती बॅग मी रिकामी केलीच नाही.

रोज त्यातूनच ड्रेस काढायचा, धुवायचा, घडी घालून परत त्यातच ठेवायचा. शेजारी अख्खं कपाट मोकळं होतं. पण कपाटात कपडे गेले की आपण कायमचे इथले झालो, असं डोक्यात बसलेलं.

अंघोळ, डायपर, औषधं, भरवणं. सगळं वेळच्या वेळी केलं, लॅबमध्ये सॅम्पल घेतात तसं. एक झालं की पुढचं. जीव सगळा कॅलेंडरवर. अजून पन्नास दिवस. अजून चाळीस.

चार भिंती, एक खाट आणि वर तापलेला पत्रा. लय घुसमट व्हायची. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. म्हसवडात, जिथं पाणी जपून वापरतात, तिथं!

तात्यांची जीभ जड झाली होती, पण नजर शाबूत होती. एकदा म्हणाले,

"पोरी, बॅग आजून भरल्यालीच हाय व्हय?"

"जायचंच आहे की तात्या. कशाला काढू सगळं?"

अर्ध्या तोंडानं हसले.

"आमी मेंढरं घिऊन खाली जायचो, तुझ्या म्हायेराकडं, इस्लामपूरच्या रानात. आज ह्याच्या वावरात तळ, उद्या त्याच्या. तरीबी तुझी सासू रोज जागा झाडायची, सारवायची, तीन दगडं नीट मांडून चूल करायची."

"सकाळी मोडायची माहीत असून?"

"मग? त्या दिशीबी जेवायचंच की गं."

मला काही ते पटलं नाही. मी पुढची गोळी काढायला उठले.

तिसरा महिना संपत आला, तात्या अजून खाटेवरच, म्हणून रजा वाढवून मागितली. लॅबमधून फोन आला. "मॅडम, तुमचे सासरे बरे होईपर्यंत थांबणं आम्हाला जमणार नाही. दुसरी मुलगी घेतली."

फोन ठेवला. तात्यांचा डोळा लागला होता. मी बॅग उचलली आणि चालू पडले. शेजारी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

स्टँडवर कराडची एसटी लागलेली. खिडकी मिळाली.

कंडक्टर आला. "कुठं, ताई?"

 मलकापूर म्हणावं, तर तिथं नोकरी नाही. म्हसवड म्हणावं, तर मग बसलेय कशाला?

"आवं ताई, जायाचं आसंल तर तिकीट काढा, न्हाईतर उतरा की!"

उतरले. स्टँडवरच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन किती वेळ बसले कुणास ठाऊक. घरी पोचले तोवर दोन तास उलटले होते.

चादर ओली. पाण्याचा तांब्या लवंडलेला, हात पोचला नव्हता. तात्या टक्क जागे.

मला वाटलं, आता बोलणार. बोलायलाच पाहिजे होतं.

माझ्या हातातल्या बॅगेकडं बघत म्हणाले, "गाडी चुकली व्हय?"

"हो."

"दुसरी चारला हाय."

मी तिथंच फरशीवर बसून भोकाड पसरलं. ते डाव्या हातानं डोक्यावर थोपटत राहिले. "रड. चारला येळ हाय."

चारच्या गाडीला मी गेले नाही. चादर बदलली. कपडे कपाटात लावले. रिकामी बॅग माळ्यावर टाकली.

संध्याकाळी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल. मी फोन तात्यांसमोर धरला.

तात्या म्हणाले, "बरं हाय लेका. पोरगी दिसभर हितंच हाय माझ्यापाशी."

अडकल्यासारखं त्यानंतरही वाटायचं. खोटं कशाला सांगू? कपडे कपाटात ठेवले म्हणून भिंती काही लांब सरकत नाहीत.

पण आधी मी त्यांना चहा देऊन आत ओट्यापाशी उभ्यानं प्यायचे. आता खाटेवर बसून प्यायला लागले. ते मेंढरांची नावं सांगायचे, कोणती खोडकर, कोणती रुसकी. माझ्या भाकरीला नावं ठेवायचे, "कडा जाड झाल्या गं." मी भांडायचे. एकदा तर महिना बदललेला मला कळलाच नाही, कॅलेंडर उलटायचं तात्यांनीच सांगितलं.

असे चार महिने.

त्या सकाळी अर्धा चहा झाला होता. "साखर कमी हाय," म्हणाले. मी डबा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी ज्याची वाट बघत होते, ते झालं. आणि मला ते नको होतं, तात्या. अजिबात नको होतं.

अहो, ड्युटीवरून आल्यावर हे तुम्हीही वाचाल. त्या दिवशी तुमचे वडील दोन तास एकटे होते, ओल्या अंथरुणात, तहानलेले. मी तुम्हाला सांगितलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तात्या, 'दिसभर हितंच हाय' हे तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. ते खरं करायला मला पुढचे चार महिने लागले.

आज फोटोपुढं चहा ठेवलाय. साखर दोन चमचे जास्त घातलीय.

मनापासून नमस्कार, तात्या.

तुमची पोरगी