पाचटातली साखर

ऊस तुटून गेला की रानात उरतं ते पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं. आमच्या मांजरी गावात आम्ही ते वर्षानुवर्षं पेटवत आलो. आता राख शेजारच्या सोसायट्यांच्या गॅलऱ्यांत जाते आणि लोक आमचा उद्धार करतात, एवढाच फरक.

माझी लेक सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. गेल्या वर्षी म्हणाली, "एक एकर पेटवू नका. बुरशी सोडते, ती कुजवेल." आमच्याकडे रानातला शब्द थोरल्या बंधूंचा. ते हसले. "बुरशी घालवता घालवता आमचा जन्म गेला, आन् ही सोडायला निघाली! घे एकर. दोन महिन्यांत कुजलं न्हाई, तर काडी लावनार. परत शेतीतलं बोलायचं न्हाई."

लेकीने शेणकाल्यात बुरशी कालवून पाचटावर शिंपडली, थोडा युरिया टाकला, पाणी दिलं. मग मला समजावलं. पाचटाचा तंतू म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. बुरशीला तोंड नाही, म्हणून ती पाचक रस बाहेरच सोडते. त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, साखळी मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन कण सुटे करतं, तिसरं त्या जोड्या फोडतं. सुटी झालेली साखर बुरशी शोषून घेते. मी थक्क झालो. साखरेसाठी ऊस लावणारे आम्ही, दरवर्षी साखरच जाळत होतो!

एवढं कळूनही मी माती खाल्लीच. लेक परीक्षेला गेली होती. पाचटावर पांढरी बुरशी दिसली आणि माझा हात सवयीने फवारणीच्या पंपाकडे गेला. अर्ध्या एकरावर बुरशीनाशक मारून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

तिला सांगताना मान वर होईना. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "आप्पा, जिथवर फवारलंत तिथे खुंटी ठोका. आता दोन्ही बाजू बघू." बंधूंनाही तिनेच सांगितलं, काही न लपवता.

दोन महिन्यांनी ते बघायला आले. फवारलेलं पाचट अजून पिवळं, चिवट. खुंटीपलीकडचं काळंभोर, बोटांत धरताच भुगा होणारं. त्यांनी मूठभर उचलून वास घेतला. मग माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाले, "बाकीच्या रानात कधी सोडायची? तू म्हनशील तवा मानसं लावतो."

इतक्या वर्षांत बंधूंनी मला रानातलं कधी काही विचारलं नव्हतं. तिला विचारलं. डावललं गेल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.