अप्पांनी सांगितलेलं माप

काशिनाथअप्पा पत्र्यावर खडूने माप मांडायचे आणि कापायला घेण्याआधी सगळे आकडे तळहाताने पुसून टाकायचे. उरायचे ते फक्त खिळ्यासारख्या पंचाने ठोकलेले ठिपके. नांदेडला स्टेशनाजवळच्या कारखान्यात आम्ही टाक्या बनवत असू. निजामाचं राज्य होतं. नकाशे इंग्रजीत येत आणि अप्पांना आकड्यांपलीकडे अक्षर येत नसे. नकाशा मी वाचायचा, पत्रा त्यांनी कापायचा. वयाने ते वीस वर्षांनी मोठे, तरी मला ‘मास्तर’ म्हणत.

“लोखंड लई मानी असतंय, मास्तर. वाकवलं की ताणतंय, जोडलं की आवळतंय. ते आधीच द्यावं लागतंय त्याला.” किती द्यायचं, विचारलं की पान जुळवत बसायचे.

मग लातूरच्या एका तेलाच्या गिरणीची टाकी मला मिळाली. माझं पहिलं स्वतंत्र काम. ते जमलं तर तिथेच दुकान टाकायचं ठरवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी अप्पांसमोर वही धरली. त्यांनी वहीकडे बराच वेळ पाहिलं.

“गोलाईला आतलं माप धर. जोडाला काय जादा सोडू नको. तापलं की लोखंड पसरतंयच की.”

त्यांचं आधीचं ‘आवळतंय’ आठवलं, पण तापलं की लोखंड पसरतं हे शाळेत मीही शिकलो होतो, म्हणून शंका धरली नाही. पाया पडून निघालो.

चार पत्रे वाकवून जोडले आणि तळ काही बसेना. गोलाई पाच सुतं, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त, कमी भरली होती. शेजारचा लोहार हसला. “पत्र्याची जाडी कुठं धरली? अन् जोड निवताना आवळतो, ते?” गिरणीवाल्याने काम काढून घेतलं. लातुरात माझं नाव ‘आखूड टाकीवाला’ पडलं. दुकानाचं स्वप्न तिथेच आटोपलं.

तसाच नांदेडला आलो. “अप्पा, विसरलात की मुद्दाम?”

त्यांनी हातोडा खाली ठेवला. “मुद्दाम. तू जाऊन राहिला होतास. मला नकाशा कोन वाचून दाखवणार होतं? आता आलास की.”

मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. वर त्याच दमात खरं माप सांगितलं, “जाडीच्या मधोमध धर, अन् दर जोडाला अर्धं सूत जादा सोड.” माणसाने लाजावं तरी!

दुसरं काम नव्हतं, म्हणून आणखी तीन वर्षं त्यांच्याबरोबर काढली. त्यांनी काही लपवलं नाही, हे मान्य. पण त्यांचा प्रत्येक आकडा मी आधी पत्र्याच्या तुकड्यावर जोडून बघायचो.

“तुकडा कशाला वाया घालवतूस?”

“असू द्या.”

त्यांना कळत होतं. मान खाली घालून पत्रा ठोकत राहायचे. मला त्यांची कीव यायची आणि राग काही जायचा नाही.

पुढे मी औशाला दुकान टाकलं. एके दिवशी मुदखेडचा एक ओळखीचा आला आणि म्हणाला, “काशिनाथअप्पा गेले. शेवटी तुम्हाला बोलवून राहिले होते.”

मी दुकान बंद केलं, बाजारात गेलो, आणि नांदेडहून आलेल्या दुसऱ्या माणसाला गाठून विचारलं, खरंच गेले का.